यो माजा आवाज नाय!

"यो माजा आवाज नाय गो ताय," असं म्हणून नानींनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

मोबाइलवर नानींचंच गाणं वाजत होतं. स्टुडिओत त्या गात होत्या तेव्हा मी काचेच्या अलीकडे बसले होते, त्यामुळे गाणं त्यांचंच आहे याची साक्ष मीच देऊ शकत होते. तरीही त्या म्हणत होत्या ते खरं होतं. मोबाइलमधून येणारा आवाज कोणा भलत्याच बाईचा वाटत होता. गुळगुळीत, कर्कश, आणि मागे ढाणढाण ढोल! गटातल्या बायकांनी वर्षभर जमवलेले पैसे या गाण्यात घातले होते. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं.

मैत्रिणींनो, गेली बरीच वर्षं मी पनवेलच्या आसपास बचत गटांचं काम करते आहे. कर्ज, हप्ते, पापड-मसाले, दाखले हे सगळं अंगवळणी पडलंय. पण गाण्याचं 'मास्टरिंग' नावाचा प्रकार असतो आणि त्यावाचून आपल्या बायकांचं नुकसान होऊ शकतं, हे मला या नानींमुळे कळलं. म्हणून आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते.

नानी आहेत धवलारीण. आपल्या रायगड-ठाण्याकडच्या आगरी-कोळी लग्नांमध्ये मांडव पडल्यापासून हळदीपर्यंत आणि पुढेही प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई ती धवलारीण. पूर्वी लग्न लावण्याचा मानही तिचाच असे. वाद्य नाही, ठेका नाही, हातात कागद नाही. दोन-तीन बाया शेजारी बसतात, एकीनं ओळ सोडायची आणि दुसरीनं उचलायची. बी.ए.ला मराठी घेतलेल्या मैत्रिणींना महदंबेचे धवळे आठवत असतील. तेराव्या शतकात ऋद्धपूरला रचलेली, रुक्मिणीच्या लग्नाची ती गाणी. महदंबेला आपण मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो. तिचे धवळे आपण परीक्षेसाठी पाठ केले, आणि त्याच नावाची, लग्नाचीच गाणी गाणारी बाई चार किलोमीटरवर राहते, याचा आम्हांला पत्ताच नव्हता!

आता नानी राहतात ते घर नवं आहे, दोन मजली आहे. पण त्यांचं गाव नाही. नवी मुंबई विमानतळासाठी जी दहा गावं हलवली, त्यांतल्या एका गावच्या त्या. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. माणसांना वडघर, पुष्पकनगरच्या बाजूला भूखंड मिळाले. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेरीस विमानं उडू लागली. नानींच्या गाण्यात मात्र अजून जुनं गाव जसंच्या तसं आहे. नवरी कुठल्या विहिरीवर थांबते, गावदेवीला कुठून वळायचं, खाडीकडे कुठली वाट उतरते, सगळं आहे. ती गाणी पुरी येणाऱ्या बाया गटात तीनच. सुनांना चार ओळी येतात, नातींना तेवढ्याही नाहीत. हळदीला डीजे आला, की धवलारणीला कोपऱ्यात खुर्ची देतात आणि आहेर करून मोकळे होतात.

"निदान रेकॉर्ड तरी करून ठेवू," असं गटाच्या मीटिंगमध्ये ठरलं ते यामुळे. व्याजाचे पैसे होते, थोडी वर्गणी काढली. हळदीची गाणी करणारा एक स्टुडिओ कोणीतरी सांगितला. तीन बाया, तीन गाणी, एक दुपार. आठ दिवसांनी गाणी व्हॉट्सअॅपवर आली आणि नानींनी मोबाइल परत दिला.

नक्की काय बिघडलं, ते मला माझ्या मैत्रिणीच्या मुलानं समजावलं. तो मुंबईत साउंड इंजिनीअरिंग शिकतो. मी म्हटलं, "अरे, मला कळेल अशा भाषेत सांग." तर पठ्ठ्या म्हणाला, "मावशी, साडी समजा."

रेकॉर्डिंग म्हणजे सूत. माइकसमोर गायलेलं, जसंच्या तसं. मिक्सिंग म्हणजे विणकाम. तीन बायकांचे तीन आवाज वेगवेगळे टिपलेले असतात. कोणाचा पुढे ठेवायचा, कोणाचा मागे, वाद्यं असली तर ती किती, हे तिथं ठरतं. मग या सगळ्यांची मिळून एक फाइल तयार होते. ती साडी. आणि मास्टरिंग म्हणजे साडी नेसण्याआधीचं फॉल-पिको आणि इस्त्री. साडी तीच राहते, पण चुण्या नीट पडतात, काठ उसवत नाही, चारचौघांत नेसून जाता येतं. आणि इस्त्री जास्त तापली तर साडी जळते, हेही तितकंच खरं!

आमच्या साडीचं विणकाम आधीच बिघडवलं होतं. धवल्यातले सूर पेटीच्या पट्ट्यांवर बसणारे नसतात, ते दोन पट्ट्यांच्या मधून घसरत जातात. संगणकानं ते ओढून पट्ट्यांवर बसवले. नानींचा आवाज परका वाटला तो इथं. वर न मागितलेला ढोल घातला. आणि शेवटी इस्त्रीही जास्त तापवली. म्हणजे गाणं होईल तेवढं मोठ्यानं वाजावं म्हणून दाबलं.

हे दाबणं कसं असतं? गाण्यात काही जागा हळू असतात, काही मोठ्या. सगळंच मोठं करायचं, तर उंच जागा आड येतात. मग लिमिटर नावाचं साधन त्या उंच जागा दाबतं आणि बाकीचं सगळं वर उचलतं. थोडं केलं तर गाणं बांधीव होतं. अति केलं तर कुजबूज आणि हाक एकाच उंचीवर येतात. ऐकणाऱ्याचे कान शिणतात, पण का ते त्याला कळत नाही. हा आजार काही फक्त आपल्याकडचा नाही. सीडी आल्यानंतर 'माझं गाणं तुझ्यापेक्षा मोठ्यानं वाजलं पाहिजे' अशी जगभर चढाओढ लागली. २००८ साली मेटालिका या अमेरिकन बँडचा अल्बम आला, तेव्हा तो इतका दाबलेला होता, की चाहत्यांनीच सह्यांची मोहीम काढून तक्रार केली.

गंमत म्हणजे आता या चढाओढीत काही अर्थच उरलेला नाही. यूट्यूब, स्पॉटिफाय यांसारख्या ठिकाणी फार मोठ्या आवाजाचं गाणं चढवलं, तर तिथली यंत्रणा ते आपोआप खाली आणते. त्यासाठी आवाजाचं 'एलयूएफएस' नावाचं माप असतं. स्पॉटिफायवर साधारण उणे चौदा हे प्रमाण धरतात. म्हणजे दाबून दाबून मोठं केलेलं गाणं तिथं शेजारच्या गाण्याइतकंच वाजतं, पण दाबल्यामुळे गेलेला त्याचा जीव काही परत येत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं!

"आता काय करायचं?" मी विचारलं. "मूळ फाइल्स मागा," तो म्हणाला. नशीब आमचं, स्टुडिओवाल्यांनी त्या पुसल्या नव्हत्या. दोन गाण्यांचे सुटे आवाज मिळाले. तिसऱ्याचे मिळाले नाहीत. ते गाणं मग नानींच्याच घरी, दुपारी पंखा बंद करून, खिडक्यांना गोधड्या लावून पुन्हा रेकॉर्ड केलं. ढोल नाही, सूर ओढणं नाही, अशी तिन्ही गाणी त्या मुलानं नव्यानं मिक्स केली. शेवटचं मास्टरिंग मात्र तो करेना. म्हणाला, "मी ही गाणी पन्नास वेळा ऐकली आहेत. आता मला दोष ऐकूच येणार नाहीत. ताजे कान पाहिजेत." दिवसभर स्वयंपाकघरात असलं, की आमटीत मीठ कमी आहे हे आपल्याला कळत नाही, बाहेरून आलेल्याला पहिल्या घासात कळतं. तसंच हे.

म्हणून आम्ही मुंबईला एका मास्टरिंग करणाऱ्या मुलीकडे गेलो. नानींनाही नेलं. पनवेलहून लोकलनं, डबे घेऊन! लहानशी खोली, भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं, समोर दोन स्पीकर. मला वाटलं होतं, ती आल्या आल्या बटणं फिरवील. तिनं आधी तिन्ही गाणी काहीही न करता ऐकली. मग नानींना म्हणाली, "आजी, इथं बसल्या बसल्या दोन ओळी गाता का?" नानी गायल्या. ती डोळे मिटून ऐकत होती. नंतर आम्हांला म्हणाली, "आता मला कळलं, पोचायचं कुठे ते."

पुढे तिनं केलं ते थोडंच होतं. घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रिजची बारीक घूं होती. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, तिचीच ती गुणगुण. ती तिनं कमी केली. एका ठिकाणी आवाज कानाला टोचत होता, तो थोडा सौम्य केला. तिन्ही गाणी वेगवेगळ्या दिवसांची, वेगवेगळ्या जागांची. ती एकापाठोपाठ ऐकताना मध्ये आवाज कमी-जास्त करावा लागू नये, म्हणून एका पातळीवर आणली. दोन गाण्यांमध्ये किती शांतता ठेवायची, तेही ठरवलं. नानी ओळ सोडताना श्वास घेतात, तो मोठा ऐकू येतो. मी म्हटलं, हा काढता येईल का? ती म्हणाली, "काकू, तो काढला तर दुसरीनं ओळ कधी उचलायची ते कसं कळणार?" नानी माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं!

मग तिनं तेच गाणं स्वस्त मोबाइलवर लावलं, ब्लूटूथच्या डब्यावर लावलं, कानातल्या इअरफोनवर लावलं. कारण आपल्या बायका काही मोठ्या स्पीकरवर ऐकणार नाहीत. भाजी निवडताना ओट्यावर ठेवलेल्या मोबाइलवर ऐकणार. पुष्कळ मोबाइलच्या एकाच छोट्या स्पीकरमधून डावा-उजवा आवाज एकत्र बाहेर पडतो आणि मिक्सिंग चुकलेलं असेल, तर त्यात एखादा आवाज गायबच होतो. तेही तिनं तपासलं.

'हे काय बायकांचं काम?' असं कोणाला वाटेल. खरंच, या खोलीत बायका कमीच असतात. अमेरिकेत एमिली लाझार नावाच्या मास्टरिंग इंजिनीअर आहेत. उत्तम ध्वनिमुद्रित अल्बमसाठीचा ग्रॅमी पुरस्कार त्यांना २०१९ साली मिळाला, तेव्हा त्या विभागात तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला मास्टरिंग इंजिनीअर ठरल्या. आपल्या मुलीला चांगला कान असेल, तर हाही एक व्यवसाय आहे, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं.

खरा पेच पुढेच होता. घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यात, शेवटच्या दोन ओळींवरून विमान गेलं होतं! आम्हांला गाण्याच्या नादात कळलंच नव्हतं. त्या शांत खोलीत मात्र ते स्पष्ट ऐकू आलं. खाडीकडून येतं, घरावरून जातं, दूर विरतं. ती मुलगी म्हणाली, "मी ते थोडं कमी करू शकते. पूर्ण काढायला गेले तर आवाजालाही इजा होईल. मास्टरिंग म्हणजे जादू नाही. नको असेल तर पुन्हा गाऊन आणा."

जाऊबाई म्हणाल्या, पुन्हा गाऊ, लग्नाच्या गाण्यात इमान कशाला? नानी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ऱ्हाव दे. त्याच्यापायीच तर गाव उठला." दोघींचं जमेना. माझं कामच मिटवामिटवीचं, पण इथं मला कोणाची बाजू घ्यावी ते कळेना. लग्नात वाजणाऱ्या गाण्यात विमान नको, हे खरं. आणि त्या गाण्याची साक्ष पुसू नये, हेही खरं. शेवटी त्या मुलीनं सुचवलं, दोन्ही ठेवा. लग्नासाठी पुन्हा गाऊन घेतलेलं वेगळं, जतन करण्यासाठी विमानासकट वेगळं. तसंच केलं. जाऊबाई अजून म्हणतात, दुसऱ्याची काही गरज नव्हती.

शेवटी तिनं एक कागद पुढे केला. "नावं सांगा. सगळ्यांची, नीट." प्रत्येक गाण्याच्या फाइलला गाणारीचं नाव, गाव, वर्ष जोडता येतं. आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांकही घेता येतो. गाण्याचं जणू आधार कार्डच! जगात कुठेही वाजलं तरी ते कोणाचं ते ओळखता येतं. स्टुडिओकडून आलेल्या फाइलवर काय नाव होतं माहीत आहे? 'हळदी साँग न्यू ३'.

मला गौहर जानची गोष्ट आठवली. १९०२ साली कलकत्त्यात तिच्या गाण्याच्या तबकड्या मुद्रित झाल्या. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं, म्हणून ती गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. सव्वाशे वर्षांनंतरही ते नाव ऐकू येतं. आणि आपल्याच महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. २०१७पासून 'पारी'नं त्या लोकांसमोर आणल्या आहेत. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. 'पारंपरिक' असं लिहून बाईला मोकळं केलेलं नाही.

नानींचं नाव लिहून झालं. गाव विचारल्यावर त्यांनी जुन्या गावाचं नाव सांगितलं. मुलीनं पिनकोड विचारला. आता त्या गावाला कुठला पिनकोड द्यायचा?

तुमच्याही गावात भजनी मंडळ असेल, ओव्या म्हणणारी सासू असेल, नाहीतर स्वतःची गाणी रचून यूट्यूबवर टाकणारी मुलगी असेल. आम्ही ठेच खाऊन शिकलो ते सांगते, पुढचा शहाणा व्हावा म्हणून. पैसे देण्याआधीच ठरवून घ्या, की सुटे आवाज आणि शेवटची फाइल दोन्ही आपल्याला मिळतील, आणि ती 'वेव्ह' फाइल असेल. व्हॉट्सअॅपवरून आलेलं गाणं पिळून बारीक केलेलं असतं, त्यावर पुढचं काम नीट होत नाही. मिक्स करणाऱ्याला सांगा, की आवाज छतापर्यंत नेऊ नका, वर थोडी जागा सोडा, मास्टरिंगला ती लागते. आपल्याला आवडणारं, तशाच धाटणीचं एखादं गाणं सोबत द्या, म्हणजे 'असं हवंय' हे शब्दांशिवाय कळतं. ऐकून पसंत करताना घाई करू नका. घरी आणा, दोन दिवस चार ठिकाणी ऐका, आणि जिनं गायलंय तिला आधी ऐकवा.

आता मास्टरिंग करून देणारी संगणकी यंत्रणाही आहे. 'लँडर' ही तशी सेवा २०१४मध्ये सुरू झाली. तिच्यासारख्या इतरही आहेत, आणि माणसाकडून करून घेण्यापेक्षा त्या स्वस्त पडतात. घरगुती गाण्याला तेवढं पुरतंही. पण श्वास हा दोष की खूण, हे यंत्र नानींना विचारणार नाही.

आणि एका कागदावर लिहून घ्या, की हे रेकॉर्डिंग कोणाच्या मालकीचं. परंपरेनं आलेलं गाणं कोणा एकाचं नसतं, पण ते गाणाऱ्या बाईला कायद्यानं गायिका म्हणून हक्क असतो. २०१२च्या दुरुस्तीनं रॉयल्टीतला वाटाही मान्य केला आहे. रेकॉर्डिंगचा हक्क मात्र सहसा ते करवून घेणाऱ्याकडे जातो. आम्ही तो गटाच्या नावावर ठेवला आहे. खर्चाचं म्हणाल, तर दुसऱ्यांदा केलेलं सगळं काम हळदीच्या एका रात्रीच्या डीजेहून स्वस्त पडलं.

तयार गाणी आली त्या दिवशी मी नानींच्या घरी गेले. नातवानं एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला, दुसरा त्यांच्या. नानी पुरं गाणं ऐकेपर्यंत हलल्या नाहीत. मी घाबरतच विचारलं, "नानी, आवाज तुमचाच ना?"

"माजाच," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पन दुसऱ्या कडव्यान् चुकलू गो मी. यो मशीनवाल्या पोरीला नाय कललं!"

पुढच्या महिन्यात आणखी चार धवले करायचे आहेत. या वेळी माइकसमोर एक नातही बसणार आहे. ओळ उचलायला.